जीन आहे, पण चालू आहे का?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोललो तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त "अं... अं..." काढून टाकलेत.)

आजचं रेकॉर्डिंग पुण्याच्या रूमवर नाहीये. आज मी गावाला आहे, निरगुडसरला. मागे मोटारीचा आवाज आला तर समजून घ्या. थ्री फेज लाईट आत्ताच आलीये आणि आमच्याकडे ती आली की पॉडकास्ट, क्रिकेट, जेवण सगळं बाजूला राहतं. आधी पाणी.

तर आजचा विषय आहे प्रमोटर. पिक्चरचा प्रमोटर नाही आणि बिल्डरही नाही. झाडाच्या डीएनएमधला प्रमोटर. तुम्ही म्हणाल, हा सॉफ्टवेअरवाला, कॉम्प्युटरमध्ये बीटेक, दहावीनंतर बायोलॉजीचं पुस्तक उघडलं नाही, ह्याचा काय संबंध? संबंध आहे. हा विषय मी हौसेनं नाही शिकलो. मी एक चूक केली, तिच्यामुळे दोन घरं एकमेकांशी बोलायची बंद झाली, आणि मग मला तो शिकावा लागला. ती गोष्ट आधी सांगतो.

आमच्या निरगुडसरला ऊस, बटाटा, कांदा. माझं आजोळ मात्र जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजूला. मामाची द्राक्षबाग आहे, थॉमसन. आपली नेहमीची हिरवी, बिनबियांची द्राक्षं. दोन वर्षांपूर्वी, जानेवारीची गोष्ट. मी ऑफिसात मीटिंगमध्ये, आणि मामाचे व्हॉट्सअ‍ॅपवर धडाधड फोटो यायला लागले. हिरव्या घडात मधेमधे गुलाबी मणी. काही घडांत दोन-चार, काही घडांत अर्धेअधिक. खाली मेसेज, "हे काय झालं रे? निर्यातवाला माणूस बघून गेला, माल नको म्हणतोय."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हिरवं द्राक्ष बाहेर पाठवायचं तर सगळा घड एका रंगाचा लागतो. गुलाबी मणी दिसले की तो माल निर्यातीतून बाहेर, मग मिळेल त्या भावाला लोकल मार्केट. चवीत फार फरक नसतो, पण भावात असतो. वर्षभराची मेहनत, एप्रिल छाटणी, ऑक्टोबर छाटणी, औषधं, मजुरी, सगळं त्या रंगावर येऊन अडकतं.

आता मी काय केलं बघा. मीटिंग म्यूट केली आणि मामाला फोन लावला. म्हटलं, "मामा, सोपं आहे. रंग जीनवरून ठरतो. हिरव्या जातीत गुलाबी रंगाचा जीन नसतो. म्हणजे ह्या वेली शुद्ध थॉमसन नाहीत. तुला काडी कुणी दिली होती?"

काडी दिली होती शेजारच्या आबांनी. बाग लावताना डॉगरिजच्या खुंटावर कलम करायला त्यांच्या बागेतून आणलेली. मामा आणि आबांची विहीर सामाईक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, तीस वर्षांचा शेजार. मामा त्याच संध्याकाळी त्यांच्या दारात गेला आणि चार माणसांसमोर म्हणाला, "तुम्ही मला भेसळ काडी दिली." आबा म्हणाले, "कोण म्हणतं?" मामा म्हणाला, "माझा भाचा इंजिनियर हाय."

झालं. बोलणं बंद. विहिरीवर पाळी बदलायला सुद्धा पोरांना पाठवायला लागले.

त्या शनिवारी मी तिकडे गेलो. मामीनं मला बागेत नेलं. म्हणाली, "तू म्हणतोस काडी भेसळ हाय. मग हे बघ." एका वेलीजवळ उभी राहिली. त्या वेलीवरचे बरेच घड पेपरनं झाकलेले होते. आमच्याकडे मण्यात पाणी उतरायच्या आधी घडांना पेपर लावतात. मामीनं एका घडाचा पेपर सोडला. आत घड हिरवागार. त्याच वेलीवर, हातभर अंतरावर, उघडा घड होता. गुलाबी.

"शेवटच्या दोन ओळींना पेपर कमी पडले," मामी म्हणाली. "काडी भेसळ असंल तर पेपरातले घड हिरवे कसे राहिले?"

मी गप्प. कारण मामीनं जे दाखवलं त्याला माझ्या भाषेत कंट्रोल एक्सपेरिमेंट म्हणतात. वेल एक, काडी एक, डीएनए एक, आणि रिझल्ट दोन. माझी थिअरी तिथेच पडली.

आणि गंमत बघा, ही चूक मला ऑफिसात कुणी करू दिली नसती. एकच बिल्ड टेस्टिंगच्या सर्व्हरवर चालतो आणि प्रॉडक्शनला पडतो, तेव्हा मी कधी म्हणतो का की कोडमध्ये भेसळ झाली? मी आधी सेटिंग बघतो. कुठली कंडिशन चालू आहे, कुठली बंद आहे. ऑफिसात जे रोज करतो ते मामाच्या बागेत विसरलो.

तर झाडातली ही सेटिंग कुठे असते? तिथून प्रमोटर सुरू होतो.

बेसिकपासून घेऊ. द्राक्षाच्या वेलीचं मूळ, पान, काडी, मणी, सगळ्या पेशींमध्ये डीएनए एकच असतो. द्राक्षाचा सगळा जीनोम २००७ मध्ये वाचून प्रसिद्ध झाला. सुमारे पन्नास कोटी अक्षरं. अक्षरं चारच प्रकारची, ए, टी, जी आणि सी. आणि त्या पन्नास कोटींमध्ये सुमारे ३० हजार जीन. जीन म्हणजे एखादं प्रोटीन बनवायची कृती.

आता प्रश्न असा की सगळीकडे त्याच ३० हजार कृती आहेत, तर मग मूळ मूळच का राहतं? मुळाला हिरवा रंग का येत नाही? तर प्रत्येक पेशीत सगळ्या कृती चालू नसतात. आपल्याकडे फोनमध्ये दीडशे अ‍ॅप असतात पण एका वेळी चालू किती? तसंच.

कुठली कृती कुठे, कधी आणि किती चालवायची, हे ठरवणारा मजकूर बहुतेक वेळा त्या जीनच्या अगदी आधी लिहिलेला असतो. काहीशे ते एक-दोन हजार अक्षरांचा तुकडा. त्यातून प्रोटीन बनत नाही. त्याचं काम फक्त एक: पुढचा जीन वाचायचा की नाही हे ठरवणं. ह्या तुकड्याला प्रमोटर म्हणतात.

प्रोग्रामर मित्रांनो, फंक्शन लिहून ठेवलंय म्हणून ते चालत नाही, कुणीतरी ते कॉल करावं लागतं. प्रमोटर म्हणजे त्या फंक्शनच्या डोक्यावर लिहिलेल्या इफ-कंडिशन. मी मण्याच्या सालीत आहे का? ऊन पडतंय का? थंडी आहे का? साखर भरायला लागली का? सगळं जुळलं तर चालव. थोडं जुळलं तर थोडं चालव.

पण डीएनएला डोळे नाहीत, त्याला ऊन कसं कळणार? इथे मला खरी मजा आली. पेशीत काही खास प्रोटीन असतात, त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. प्रत्येकाचा आकार असा की तो डीएनएवरच्या एका ठरावीक छोट्या शब्दावरच बसतो. सहा-आठ-दहा अक्षरांचा शब्द. उदाहरणार्थ सी-ए-सी-जी-टी-जी. हा शब्द झाडांच्या बऱ्याच प्रमोटरमध्ये सापडतो, विशेषतः उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या जीनच्या आधी. उजेड पडला की पेशीत निरोप पोचतो, त्या शब्दावर बसणारं प्रोटीन तयार होतं किंवा जागं होतं, आणि जाऊन तिथे बसतं. अशी दोन-चार प्रोटीन बसली की ती जीन वाचणाऱ्या मशीनला बोलावून घेतात. त्या मशीनचं नाव आरएनए पॉलिमरेज. ते जीनची कॉपी काढतं आणि त्या कॉपीवरून प्रोटीन बनतं.

आणि हो, बऱ्याच प्रमोटरमध्ये कॉपी सुरू होण्याच्या साधारण ३० अक्षरं आधी टी-ए-टी-ए असा शब्द असतो. त्याला टाटा बॉक्स म्हणतात. टाटा कंपनीचा काही संबंध नाही, पण लक्षात ठेवायला बरं आहे.

काही प्रोटीन उलटं काम करतात, बसली की जीन बंद. शिवाय डीएनए पेशीत गुंडाळून ठेवलेला असतो. प्रमोटरचा भाग घट्ट गुंडाळला, किंवा त्यावर मिथाइल नावाची छोटी रासायनिक खूण चिकटली, तर शब्द जागेवर असूनही कुणाला तिथे बसता येत नाही. म्हणजे कंडिशन पण खूप, आणि त्या एकमेकींत अडकलेल्या.

तुम्ही विचाराल, हे सगळं शोधलं कसं? पद्धत एकदम देशी जुगाडासारखी आहे. एखाद्या जीनचा प्रमोटर कापून घ्यायचा आणि त्याच्यापुढे भलताच जीन जोडायचा, असा की तो चालू झाला तर डोळ्यांना दिसेल. १९८६ मध्ये शास्त्रज्ञांनी काजव्याचा चमकण्याचा जीन तंबाखूच्या झाडात घातला. काजव्याचा जीन झाडात आपोआप चालणार नाही, म्हणून त्याच्या आधी झाडात चालणारा प्रमोटर जोडला. तंबाखूचं झाड अंधारात चमकलं! लगेच १९८७ मध्ये रिचर्ड जेफरसन आणि सहकाऱ्यांनी गस नावाचा जीन वापरला. त्यात प्रमोटर जिथे चालू असेल तो भाग विशिष्ट रसायनात टाकला की निळा होतो. मुळाचा प्रमोटर असेल तर फक्त मूळ निळं, पानाचा असेल तर पान. आम्ही कोडमध्ये मध्येच प्रिंट टाकून बघतो ना, इथपर्यंत आलं का? अगदी तेच.

त्या चमकणाऱ्या तंबाखूतला प्रमोटर कुठून आणला होता, माहितीये? फ्लॉवरवर, म्हणजे आपल्या भाजीतल्या फ्लॉवरवर, एक विषाणू येतो. कॉलीफ्लॉवर मोझॅक व्हायरस. त्याचा तो प्रमोटर, नाव ३५एस. विषाणूचा स्वार्थ सरळ आहे, झाडाची यंत्रणा वापरून स्वतःचं काम जिथे-तिथे करून घ्यायचं. त्यामुळे त्याचा प्रमोटर झाडाच्या जवळजवळ सगळ्या भागांत चालतो. हे ३५एस नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

आता परत द्राक्षाकडे.

मामाला मी जे वाक्य ठोकलं होतं, की हिरव्या जातीत रंगाचा जीन नसतो, ते चुकीचं आहे. २००४ मध्ये जपानच्या शोजो कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी सायन्स ह्या नियतकालिकात ह्याचं कारण दाखवलं. द्राक्षाच्या सालीतला लाल-जांभळा रंग म्हणजे अँथोसायनिन. ते बनवायला एकामागून एक अशा बऱ्याच पायऱ्या लागतात. शेवटच्या महत्त्वाच्या पायरीचा जीन आहे यूएफजीटी. हा जीन हिरव्या द्राक्षात सुद्धा आहे, आणि धडधाकट आहे. फक्त त्याला कुणी बोलवत नाही.

बोलवायचं काम असतं एमवायबीए१ नावाच्या दुसऱ्या जीनचं. त्यापासून बनणारं प्रोटीन यूएफजीटीच्या प्रमोटरवर जाऊन बसतं आणि म्हणतं, चला, रंग भरा. मुकादम म्हणा ना. हिरव्या द्राक्षात ह्या मुकादमाच्याच प्रमोटरमध्ये एक मोठा तुकडा येऊन घुसलाय. सुमारे दहा हजार अक्षरांचा. त्याचं नाव ग्रेट१. ही डीएनएची स्वतःच्या कॉप्या काढून इकडे-तिकडे घुसणारी जात आहे. असे उड्या मारणारे तुकडे बार्बरा मॅक्लिंटॉक ह्या बाईंनी मक्याच्या दाण्यांवरचे रंगीत ठिपके बघून शोधले होते, त्यांना १९८३ मध्ये नोबेल मिळालं.

तर दहा हजार अक्षरं मधेच घुसली, कंडिशन तुटल्या, मुकादम गप्प झाला. मुकादम गप्प म्हणून मजूर बसून. रंग नाही. ह्या मुकादमाचा एक जुळा भाऊही आहे, एमवायबीए२, त्याच्या कृतीतच बिघाड झालेला. म्हणजे दोघंही बाद झाले तेव्हा द्राक्ष हिरवं झालं. जगभरच्या हिरव्या जातींमध्ये हेच बिघाड सापडतात. म्हणजे फार जुन्या काळी कुठल्या तरी वेलीत हे घडलं आणि माणसाला ती द्राक्षं आवडली, त्यानं ती जपली.

आणि उलटंही होतं. इटालिया नावाची एक हिरवी जात आहे. तिच्या वेलीवर लाल घडांची फांदी निघाली, त्यातून रुबी ओकुयामा ही जात झाली. तपासलं तर काय, तो दहा हजारांचा तुकडा बहुतेक सगळा निघून गेला होता, आठशेच्या आसपास अक्षरांची शेपटी तेवढी मागे राहिलेली. प्रमोटर बऱ्यापैकी मोकळा झाला, मुकादम बोलायला लागला, द्राक्ष लाल झालं. नवीन जीन बाहेरून आला नाही. जो होता तो चालू झाला.

आपल्या द्राक्षवाल्यांना ही फांदी वेगळी निघणं नवीन नाही. तासगावची तास-ए-गणेश, सोलापूरजवळच्या नान्नजची सोनाका, ह्या जाती थॉमसनमधूनच शेतकऱ्यांनी नजर ठेवून निवडल्या. वेगळी दिसणारी काडी ओळखायची आणि वाढवायची. लॅब नव्हती, नजर होती.

मग मामाच्या बागेत काय झालं होतं? ह्याला द्राक्षवाले पिंक बेरी म्हणतात. रात्री कडाक्याची थंडी, दुपारी तापलेलं ऊन, आणि नेमकी त्याच वेळी मण्यात पाणी उतरायची अवस्था. अशा वेळी उघड्या घडांत गुलाबी छटा येते. रंग तोच, अँथोसायनिन. थंडी आणि उजेड ह्या रंग बनवणाऱ्या जीनना जागं करणाऱ्याच गोष्टी आहेत. हिरव्या द्राक्षात ती यंत्रणा गप्प असते, नाहीशी झालेली नसते. पेपरनं घडावरचं ऊन अडतं आणि थंडी-उन्हाचा फटका कमी होतो, म्हणून पेपरातले घड हिरवे. मामीनं हे सगळं एक पेपर सोडून सांगितलं होतं, मला ते समजायला कितीतरी रात्री वाचावं लागलं.

आता तुम्हाला वाटेल, ठीक आहे, एका बागेतली भानगड. पण हाच गोंधळ, जीन असणं आणि जीन चालू असणं ह्यातला, आपल्या राज्यात लाखो एकरांवर झालाय. कापसात.

माझा हॉस्टेलचा रूम पार्टनर यवतमाळकडचा. घरी कापूस. मी त्याला द्राक्षाची गोष्ट सांगितली तर तो लगेच म्हणाला, "आमच्याकडे बी हेच झालं. बियाणं बीटी आहे म्हणून पट्टी टेस्ट दाखवते, आणि बोंडात अळी."

बीटी कापूस म्हणजे काय? बॅसिलस थुरिंजिएन्सिस नावाच्या मातीतल्या जिवाणूचा एक जीन, क्राय१एसी. त्याच्या प्रोटीननं बोंडअळी मरते. हा जीन कापसात घातला, आणि जिवाणूचा जीन कापसात चालावा म्हणून त्याच्या आधी जोडला आपला ओळखीचा ३५एस प्रमोटर, जरा जोर वाढवलेला. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वाणांना मार्च २००२ मध्ये देशात परवानगी मिळाली. २००६ पासून दोन जीनचं बोलगार्ड टू आलं.

३५एस सगळीकडे चालतो असं मी मघाशी म्हटलं. पण सगळीकडे सारखा आणि शेवटपर्यंत सारखा चालतो का? नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत केशव क्रांती आणि सहकाऱ्यांनी हेच मोजलं. २००५ मध्ये करंट सायन्समध्ये ते छापून आलं. झाडाच्या वेगवेगळ्या भागांत, वेगवेगळ्या वयात, किती बीटी प्रोटीन आहे? पानांत सगळ्यात जास्त. फुलाच्या आतल्या भागात आणि हिरव्या बोंडाच्या सालीत सगळ्यात कमी. आणि झाडाचं वय वाढेल तसं ते घटत जातं. साधारण ११० दिवसांनंतर ते बोंडअळीला पुरून उरेल त्या पातळीच्या खाली जात होतं. वाणा-वाणांतही फरक होता.

आता जोडा. गुलाबी बोंडअळी पान खात बसत नाही. ती फुलात आणि बोंडात शिरते, आणि तिचा जोर हंगामाच्या उत्तरार्धात असतो. म्हणजे जिथे औषध कमी तिथे, आणि जेव्हा औषध कमी तेव्हा. ही घट होण्याचं एक कारण म्हणजे वय वाढेल तसं त्या जीनची कॉपी काढण्याचं कामच मंदावतं. नत्र कमी पडणं, पाण्याचा ताण, म्हातारी झालेली पानं, ही बाकीची कारणं.

आणि अर्धवट डोस कुठल्याही औषधाचा वाईट. आपण अँटिबायोटिकचा कोर्स अर्ध्यात सोडतो तेव्हा डॉक्टर का ओरडतात? तसंच. कमी डोसमध्ये थोड्या चिवट अळ्या वाचतात, त्यांचीच पिल्लं वाढतात. त्यात भर म्हणजे बांधाला बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावायच्या होत्या, त्या बहुतेकांनी लावल्या नाहीत. पाणी असेल तिथे कापूस जानेवारी-फेब्रुवारीनंतरही शेतात उभा राहिला, अळीला बारा महिने घर मिळालं. गुजरातमध्ये आधी क्राय१एसीला न मरणारी गुलाबी बोंडअळी सापडली, नंतर दोन जीनवालीही. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं काय केलं ते कापूसवाल्या घरात कुणालाही विचारा.

मी असं म्हणत नाही की सगळा दोष प्रमोटरचा. प्रतिकार तयार होण्यात माणसाचाही वाटा मोठा आहे. पण गावात भांडण कशावर झालं? "बियाणं बोगस" आणि "बियाणं खरं" ह्यावर. पट्टी टेस्ट पानावर लावली, रेघ उमटली, दुकानदार म्हणाला बियाणं खरं आहे, विषय संपला. शेतकरी म्हणाला, मग अळी कशी? दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते. पट्टी सांगते की पानात प्रोटीन आहे. बोंडात, ११५ व्या दिवशी, किती आहे, हे ती सांगत नाही. नीट प्रश्न न विचारल्यामुळे आबांच्या काडीवर जो आळ आला, तोच घोळ मोठ्या प्रमाणावर.

अजून एक छोटी गोष्ट. मघापासून मी चालू-बंद म्हणतोय, पण प्रमोटर हे नुसतं बटण नाही, पंख्याच्या रेग्युलेटरसारखंही आहे. आमच्या नारायणगावच्या मार्केटला टोमॅटोचे क्रेट लागतात. रानटी टोमॅटो एवढासा असायचा, गोटीएवढा. मोठा कसा झाला? टोमॅटोचा आकार आवरून धरणारा एक जीन आहे एफडब्ल्यू२.२. २००० मध्ये दिसलं की छोट्या आणि मोठ्या टोमॅटोतला फरक त्या जीनच्या प्रोटीनमध्ये नसून तो किती आणि कधी चालतो ह्यात आहे. आणि २०१७ मध्ये अमेरिकेत झॅकरी लिपमन ह्यांच्या लॅबनं क्रिस्पर वापरून सीएलव्ही३ ह्या टोमॅटोच्या दुसऱ्या एका जीनचा फक्त प्रमोटर ठिकठिकाणी कातरला. जीनला हात लावला नाही. तर फळातल्या कप्प्यांची संख्या कमी-जास्त, अशी झाडांची अख्खी रांग मिळाली. रेग्युलेटर एकवर, दोनवर, तीनवर. पुढच्या काळात "जीन एडिट केलेलं बियाणं" असं तुमच्या गावात कुणी विकायला आलं, तर नुसतं "कुठला जीन?" विचारून थांबू नका. तो कुठे चालतो, कधी चालतो, किती चालतो आणि कुठपर्यंत चालतो, हे विचारा. हे चार प्रश्न प्रमोटरचे आहेत, आणि पीक हातात येणार की नाही हे बऱ्याचदा त्यांच्यावर ठरतं.

आता मामा आणि आबांचं काय झालं ते सांगून थांबतो.

मामीनं पेपर सोडून दाखवला त्या दिवशीच मला कळलं होतं की मी चुकलो. पण मी महिनाभर काही केलं नाही. लाज वाटत होती, दुसरं काय. मामालाही कळलं होतं, तोही गप्प. इगो दोघांचा, हाल पोरांचे. शेवटी एका रविवारी मामीच म्हणाली, "इंजिनियरनं लावलेली आग इंजिनियरनंच इझवायची." मग मी आणि मामा गेलो आबांकडे.

मी सगळं पाठ करून गेलो होतो. ग्रेट१, एमवायबीए१, कोबायाशी. आबा ओट्यावर बसलेले. मी म्हटलं, "आबा, चूक माझी आहे. काडी शुद्ध आहे. मी न बघता बोललो." आणि मग समजावायला लागलो की बघा, जीन असतो पण त्याच्या आधी एक तुकडा असतो...

आबांनी हात वर केला. म्हणाले, "काडी माझीच हाय, ते मला ठाव हाय. थंडी कुणाची हाय ते आधी इचारायचं व्हतं." मग आत आवाज दिला, "चहा टाका गं, तीन कप."

मामा काहीच बोलला नाही. निघताना फक्त म्हणाला, "उद्या पाळी तुमची हाय, मी स्वतः येतो बटण दाबायला." आमच्याकडे माफी अशीच मागतात.

ह्या वर्षी मामानं पेपर मोजून दोन बंडल जास्त आणले. आणि मला आता कुणी झाडाचा फोटो पाठवून "हे काय झालं?" विचारलं, की मी आधी विचारतो, त्याच झाडावर दुसरीकडे कसं आहे? रात्री थंडी किती होती? झाकलेलं होतं का उघडं?

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरी कापूस असेल, द्राक्ष असेल, टोमॅटो असेल आणि असा काही अनुभव असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. हा भाग घरच्या ग्रुपवर टाका, आणि ग्रुपवर कुणी "जीन खराब आहे" म्हणालं तर त्याला एवढंच विचारा: जीन आहे ते ठीक, पण चालू आहे का?

चला, मोटार बंद झाली वाटतं. बघून येतो. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!